किड्यांचा खाडा कोण मांडणार?

आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत बॉलपेनने काही ना काही खरडलेलं असतं. दूध जास्त घेतलं तर 'दीड', गॅसची टाकी लावली ती तारीख, आणि दूधवाला किंवा कामाच्या मावशी आल्या नाहीत त्या दिवशी एक ठळक फुली. ती फुली म्हणजे खाडा. दूध आलं की काही लिहायचं नाही, नाही आलं की लिहायचं. महिनाअखेरीला पैसे त्या फुल्या मोजूनच दिले जातात.

हीच आत्या दर जूनमध्ये न चुकता विचारते, "मिरगाचे किडे गेले कुठे रे सगळे?" पहिल्या पावसाने माती भिजली की ते लाल मखमली थेंब अंगणभर चालू लागायचे. आम्ही ते काड्यापेटीत भरायचो आणि आई ओरडली की सोडून द्यायचो. (शास्त्राच्या हिशोबात हा कीटक नव्हेच. आठ पायांचा, कोळ्या-गोचिडांच्या गोतावळ्यातला. पण आत्याला हे सांगायची माझी हिंमत नाही.) ते कमी झालेत असं तिला ठाम वाटतं आणि मलाही वाटतं. पण किती कमी झाले? कधीपासून? आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले म्हणून, की सगळ्या तालुक्यातच? याचं उत्तर ना तिच्याकडे आहे, ना माझ्याकडे, ना सरकारच्या कुठल्या कपाटात. दुधाचा खाडा घरोघर मांडला जातो, किड्यांचा कुणीच मांडला नाही.

पावसासाठी मंडळामंडळात पर्जन्यमापक आहे. गाई-म्हशींची पशुगणना होते, वाघांची दर चार वर्षांनी गणती होते आणि आकडा एकने वाढला तरी बातमी होते. किड्यांचं मात्र सगळं आठवणींवर चाललंय. आणि आठवण फार लबाड असते. लहानपणीचा पाऊस, लहानपणीचे आंबे आणि लहानपणीचे काजवे कधीच कमी नसतात.

हे मोजायचं काम सामान्य माणसांनीच करायला हवं, असं माझं म्हणणं आहे. हौसेखातर नव्हे, तर दुसऱ्या कुणाला ते जमणारच नाही म्हणून. भारतात किड्यांच्या साठ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ मूठभर. पण आज आपल्याकडे 'सिटिझन सायन्स' म्हणून जे चालतं, म्हणजे दिसलं फुलपाखरू की काढ फोटो आणि टाक ॲपवर, त्याने आत्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

हौशी माणसं काय करू शकतात याचं उदाहरण जर्मनीतलं आहे. नेदरलँड्सच्या सीमेजवळ क्रेफेल्ड नावाचं शहर आहे, एके काळी रेशमी कापडासाठी प्रसिद्ध. तिथे १९०५ साली स्थापन झालेलं कीटकप्रेमींचं एक मंडळ आहे. पोटापाण्याचा उद्योग दुसराच, पण सुट्टीत किडे बघणारी माणसं. या मंडळींनी १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांमध्ये मलेझ सापळे लावले. मलेझ सापळा म्हणजे जाळीचा तंबू. उडता किडा पडद्याला धडकतो, सवयीने वर चढतो आणि टोकाला लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. बाटली ठरावीक दिवसांनी बदलायची, किडे निथळायचे, वजन करायचं, लिहून ठेवायचं. सापळे एकाच मापाचे, पद्धत एकच. २७ वर्षांत ६३ ठिकाणी जमलेल्या सगळ्या किड्यांचं मिळून वजन साडेत्रेपन्न किलोच्या आसपास भरलं, म्हणजे गव्हाचं जेमतेम एक पोतं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या आकड्यांचं गणित मांडलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: उडत्या किड्यांचं वजन ७६ टक्क्यांनी घटलं. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा किडे सगळ्यात जास्त असायला हवेत तेव्हा, घट ८२ टक्के. आणि हे शेतात नव्हे, राखीव जागांमध्ये.

जगभर बोभाटा झाला. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत बव्हेरियात 'मधमाश्या वाचवा' या मागणीसाठी साडेसतरा लाखांच्या आसपास मतदारांनी स्वतः पालिकेच्या कचेऱ्यांत जाऊन सह्या केल्या, रांगा लावून, थंडीत. राज्याला कायदा करावा लागला. त्यामागे या बाटल्यांचा वाटा मोठा होता.

क्रेफेल्डच्या कामावर टीकाही झाली आणि ती टीका मला त्या कामाइतकीच उपयोगी वाटते. त्या ६३ पैकी बहुतेक ठिकाणी एकाच वर्षी सापळा लावलेला होता. पुढच्या वर्षी सापळा दुसरीकडे. त्यामुळे घट खरी की जागा बदलल्याचा परिणाम, हे सोडवायला बरीच संख्याशास्त्रीय कसरत करावी लागली. निष्कर्ष टिकला, पण आपल्यासाठी धडा असा की एकाच जागी, एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही.

आता फोटोंकडे येऊ. फोटो वाया जातात असं मी म्हणत नाही. एखादा किडा कुठे आहे, किंवा नव्याने कुठे पोचला, हे कळायला फोटोसारखं साधन नाही. स्पेनमध्ये २०१४ पासून लोक डासांचे फोटो पाठवतात. २०१८ मध्ये अशाच एका फोटोवरून तिथल्या अस्तुरियास भागात जपानी जातीचा एडिस डास पोचल्याचं उघड झालं. तो स्पेनमध्ये तोवर कुणाला सापडलेला नव्हता. आपल्याकडेही फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या कितीतरी नोंदी हौशी लोकांच्या फोटोंमुळेच झाल्यात, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातून पुण्याच्या कृष्णमेघ कुंटे यांच्या गटाने त्या तपासून लावून ठेवल्यात.

पण फोटो 'किती' सांगत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला, म्हणजे ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तळहाताएवढं, काळ्या-निळ्या पंखांचं हे देखणं फुलपाखरू दिसलं की माणूस धावतच फोटो काढतो. शेणकिड्याचा कोण काढतो? चिलटाचा कोण काढतो? दरवर्षी ॲपवरच्या नोंदी वाढतात, तेव्हा वर चढणारी ती रेघ किड्यांची की मोबाइलची? शिवाय नकाशा उघडून बघा. मुंबई, पुणे, ताम्हिणी, आंबोली ठिपक्यांनी गच्च भरलेली. परभणी-हिंगोलीकडे गेलात की शुकशुकाट. तिथे किडे नाहीत असं नव्हे, रविवारी कॅमेरा घेऊन फिरणारे कमी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जे दिसलंच नाही त्याचा फोटो काढता येत नाही. ॲपला खाडा कळत नाही.

इंग्लंडात हा प्रश्न १९७० च्या दशकातच सोडवला गेला, आणि इतक्या साध्या रीतीने की हसू यावं. अर्नी पोलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने एक वाट ठरवली. दर आठवड्याला त्या वाटेने एकाच चालीने चालायचं, पाच मीटरच्या टप्प्यात येतील तेवढीच फुलपाखरं मोजायची. ऊन आणि तापमान ठरल्याइतकं असेल तरच निघायचं. एप्रिल ते सप्टेंबर. १९७६ पासून ही योजना देशभर चालू आहे, आज हजारो वाटा आहेत आणि चालणारे बहुतेक स्वयंसेवक. कंटाळवाणं काम आहे, आणि कंटाळवाणं आहे म्हणूनच त्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

मी दोन वर्षांपूर्वी हे आमच्या कालव्याच्या कडेने सुरू केलं. सातशे मीटरची वाट, एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत. रविवारी सकाळी नऊ ते दहाच्या मध्ये कधीतरी. शाळकरी वही, उभ्या रेघा मारलेल्या. सुरुवातीचे तीन महिने मी प्लेन टायगर बिनधास्त मोजत होतो. रुईवर वाढणारं तपकिरी-केशरी फुलपाखरू, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. चुकायला जागाच नाही असं वाटायचं. मग एकदा घाणेरीच्या फुलावर एक अगदी हातभर अंतरावर बसलं. पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात. इथे मधला भाग कोरा. ती डॅनॅइड एगफ्लायची मादी होती. प्लेन टायगर रुईचं विष अंगात साठवतं म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि ही बया नुसता त्याचा वेश घेऊन फिरते. पक्षी फसतात, मीही फसलो. आता वहीत या दोघांना एकच रकाना आहे, 'पट्ट्यावालं केशरी', आणि खात्री असेल तेव्हाच बाजूला खूण. चूक कबूल करून एकत्र मोजलेलं परवडतं, छातीठोक वेगळं मोजलेलं नाही परवडत.

मात्र ओळखण्यातल्या चुकीपेक्षा मोठा मोह वेगळाच आहे. मे महिन्यात सातशे मीटर चालून हाती काहीच लागत नाही. दुसऱ्या मोरीच्या पुढे पन्नास पावलांवर एक लिंबोणीची बाग आहे, तिथे हमखास काहीतरी असतं. पाय आपोआप तिकडे वळतात. एवढे आलोय तर शून्य कसं लिहायचं? पण ते शून्य लिहिण्यासाठीच तर आलो होतो. गेल्या वर्षी कुणीतरी जेसीबी लावून कालव्याची कड साफ केली, रुईची सगळी झुडपं गेली. त्याआधीच्या रविवारी 'पट्ट्यावालं केशरी' होतं १४, नंतरच्या तीन रविवारी १, ०, ०. फोटोंच्या अल्बममध्ये हे कधीच दिसलं नसतं. उलट त्या महिन्यात मी नीलवंताचे तीन झकास फोटो काढले होते.

पक्ष्यांच्या बाबतीत आपल्याकडे हे जमलंय. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात तीस हजारांच्या वर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून जास्त नोंदी वापरल्या आहेत, त्यात ९४२ जातींचा विचार आहे. हे शक्य झालं कारण पक्षीवाल्यांनी एक शिस्त अंगी बाणवली: किती वेळ बघितलं ते लिहायचं आणि दिसलेले सगळे पक्षी लिहायचे, फक्त दुर्मिळ नव्हे. कावळा-साळुंकीसकट. मग यादीत चिमणी नसेल तर ती दिसली नाही, असा अर्थ निघतो. म्हणजे खाडा आपोआप मांडला जातो. याच अहवालात दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या चासाची, नीलपंखाची, घट तीस टक्क्यांहून जास्त असल्याचं निघालं. चास काय खातो? नाकतोडे, भुंगेरे, टोळ. पक्षी मोजून आपण किड्यांच्या दाराशी येऊन थांबलोय, आत काय चाललंय ते माहीत नाही.

आणि तरीही या राज्यात किडे मोजणारी माणसं हजारोंनी आहेत. शेतकरी. फक्त त्यांना कुणी 'सिटिझन सायंटिस्ट' म्हटलेलं नाही.

आमचे एक दाजी यवतमाळकडे कापूस करतात. त्यांच्या वावरात काठ्यांना कामगंध सापळे टांगलेले असतात. वर प्लॅस्टिकची टोपी, आत मादीच्या वासाची छोटीशी गोळी, खाली लांब पिशवी. वासाला भुलून गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. दाजी सकाळी पिशवीचं रबर सोडतात आणि पतंग तळहातावर ओततात. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, मळकट तपकिरी, बोट लावलं की राखेसारखी पूड बोटाला. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, हा कृषी खात्याचा निकष त्यांना पाठ आहे. "लिहून ठेवता का दाजी?" मी विचारलं. "लिहून काय करू बा? फवारा त माराच लागते."

हे उत्तर मला बरेच दिवस टोचत राहिलं. मोजणी त्यांच्या हातात आहे, निकष पाठ आहे, पण मोजल्यामुळे काही बदलतं असा त्यांचा अनुभव नाही. २००८ मध्ये अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप नावाची कीड सर्वेक्षण योजना सुरू केली. सर्वेक्षक शेतात जातात, आकडे वर पाठवतात, सल्ले खाली येतात. योजना चांगली आहे, देशात तिचं कौतुकही झालं. पण २०१७ मध्ये बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हा आकडा शेतातून वर जातो आणि त्याचा अर्थ शेतात परत येईपर्यंत कुठेतरी विरतो, हे उघड झालं. शिवाय आपण मोजतो ते फक्त शत्रूला. ढालकिडे, क्रायसोपा (मावा खाणारा, जाळीदार पंखांचा हिरवा किडा), गांधीलमाश्या, कपाशीच्या फुलावर येणाऱ्या मधमाश्या यांना खात्याच्या पत्रकांत 'मित्रकीटक' असं गोड नाव आहे, पण मित्र किती उरलेत हे शेताशेतांतून वर्षानुवर्षं कुणी टिपत नाही. दाजींना विचारा, ते सांगतील ढालकिडा कमी दिसतो. पुन्हा आठवणच.

म्हणून माझा आग्रह असा की कीटकमोजणीचा पुढचा टप्पा घाटातल्या जंगलांत नव्हे, बांधावर सुरू व्हावा. सापळा बघायला शेतकरी जातोच. त्याच सकाळी बांधाच्या एका ठरलेल्या फुलोऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहून मधमाशी किती, फुलपाखरं किती, ढालकिडे किती, एवढं लिहायचं. जात ओळखायची गरज नाही. मधमाशी 'आग्या की सातेरी' एवढं तर खेड्यातलं पोरही सांगतं. नावं आपल्या बोलीतली असावीत. चतुर, टाचणी, भुंगेरा, सोनकिडा. लॅटिन नाव आल्याशिवाय नोंद खरी नाही, या समजुतीने किती माणसं दूर राहिली असतील देव जाणे.

लिहायचं कुठे? वही तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळांनी ज्या कल्पनेसाठी इतकी वर्षं घासाघीस केली तीच ही वही. पण हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, ती चुकवणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाखांच्या भरपाईचा बडगा दाखवला, आणि मग वह्या भराभर 'पूर्ण' झाल्या. एका गावची मी चाळली. वनस्पतींची पानंच्या पानं होती. कीटकांच्या पानावर तीन शब्द: मधमाशी, मुंगी, फुलपाखरू. सही, शिक्का. त्या पानाला दर वर्षाचा एक रकाना जोडला तर ते मेलेलं पान जिवंत होईल. मात्र एक पथ्य पाळावं. हे काम जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या गळ्यात मारू नये. मतदारयाद्या, जनगणना आणि खिचडी यातून त्यांना शिकवायला आधीच वेळ उरत नाही.

हौशी माणसांच्या आकड्यांवर काय भरवसा, असं विचारणाऱ्यांना क्रेफेल्ड दाखवता येईल, पण घरचं उदाहरणही आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली, त्यात आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन डॉक्टर होते. निसर्ग हा त्यांचा मुख्य धंदा नव्हता. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो: सरकारने करायचं काम लोकांकडून फुकटात करून घेण्याची ही युक्ती तर नव्हे? असू शकते. म्हणून मोजणाऱ्याला त्याच्या आकड्यांचा अर्थ परत मिळाला पाहिजे, त्याच हंगामात, त्याच्या भाषेत, चावडीच्या फळ्यावर. जिथे ते होणार नाही तिथे लोकांनी खुशाल नकार द्यावा. आणि तिसरी गोष्ट भीतीची. पुरुषवाडी-भंडारदऱ्याच्या काजव्यांचा बोलबाला झाला आणि मे-जूनच्या रात्री अंधारापेक्षा गाड्यांचे दिवे जास्त झाले. काजव्यांचं जोडीदार शोधणं प्रकाशाच्या खुणांवर चालतं, तिथे हेडलाइटचा झोत म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एखादी जागा कुठे आहे हे जगजाहीर करायचं की नाही, हे तिथल्या गावाला ठरवू द्यावं. मोजायला नेमका ठावठिकाणा लागतो, छापायला लागत नाही.

नुसतं मोजून एकही किडा वाचत नाही, हेही खरंच. माझ्या वहीत चौदाचे शून्य झाले, रुई काही परत आली नाही. पण पुढच्या ग्रामसभेत मी ती वही घेऊन गेलो आणि 'फुलपाखरं कमी झालीत' असं म्हणण्याऐवजी तारीख आणि आकडा वाचला. दोन-तीन जण हसले. एकाने मात्र विचारलं, कड कोणत्या आठवड्यात साफ केली होती? पुढच्या वेळी कडेची एक बाजू सोडता येईल का, यावर पाच मिनिटं बोलणं झालं. निर्णय काही झाला नाही.

या मे महिन्यात आत्याकडे गेलो तेव्हा तिला म्हटलं, मिरगापासून रोज सकाळी अंगणात एक चक्कर मार आणि दुधाच्या हिशोबाखाली मिरगाच्या किड्यांचंही लिही. ती म्हणाली, "नाही दिसले तर काय लिहू?" मी म्हटलं, खाडा. जूनच्या अखेरीस पुन्हा गेलो तर कालनिर्णयावर सातपासून अकरापर्यंत ओळीने फुल्या होत्या. बाराच्या चौकोनात 'अर्धा लिटर जास्त' आणि त्याखाली बारीक अक्षरात '४, लहान'. तेराला पुन्हा फुली.